इनटेक-आउटपुट चार्ट, शहाळं आणि आमची क्षारपड जमीन

बीएस्सी नर्सिंगच्या पहिल्या सेमिस्टरला फिजिऑलॉजीच्या इंटर्नलमध्ये मला 25 पैकी 9 पडले होते, आणि त्यातले बरेचसे हृदयाच्या आकृतीचे होते कारण आकृती मला बरी काढता येते. फ्लुइड आणि इलेक्ट्रोलाइटच्या, म्हणजे शरीरातलं पाणी आणि क्षार यांच्या प्रश्नाला शून्य. काही लिहिलं नव्हतं असं नाही हां, चांगलं दीड पान लिहिलं होतं, फक्त सोडियम पेशीच्या आत आणि पोटॅशियम बाहेर असं पहिल्याच ओळीत उलटं लिहिलं आणि मग पुढचं सगळं त्याच उलट्या हिशोबाने. मॅडमनी शेजारी लाल पेनने दोनच शब्द लिहिले होते, "पेशंट गेला."

खरं सांगायचं तर पाठांतर माझं चोख होतं. रक्तात लिटरमागे मिलिइक्विव्हॅलंटमध्ये सोडियम 135 ते 145, पोटॅशियम 3.5 ते 5, बायकार्बोनेट 22 ते 26, रात्री दोनला उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं. शरीरात पाणी किती, तर पुरुषात वजनाच्या साधारण 60 टक्के, बाईत थोडं कमी, तान्ह्या बाळात 75 च्या आसपास. हे सगळं पाठ, पण त्याचा एकमेकांशी संबंध काय ते डोक्यात शिरतच नव्हतं. ऑस्मोसिसची व्याख्या मी म्हणायचो ती शाळेत प्रार्थना म्हणतात तशी.

ते शिरलं दिवाळीच्या सुट्टीत, आणि तेही शेतात. आमचं गाव सांगली जिल्ह्यात कृष्णाकाठी, काळी जमीन, वर्षानुवर्षं ऊस आणि पाटाने भरमसाट पाणी. त्यापायी खालच्या अंगाची आमची दीड एकर क्षारपड झालीय. जमिनीतलं पाणी वर वर येतं, क्षार सोबत घेऊन येतं, पाणी उडून जातं आणि वर पांढरा थर राहतो, उन्हात मीठ सांडल्यासारखा दिसतो. मी बांधावर उभा होतो, पायाखाली ओल होती, चप्पल रुतत होती आणि समोरचा ऊस मात्र वाळलेला. अण्णा म्हणाले, "पाणी हाय की खाली, बक्कळ हाय, पर मुळाला वढता येत न्हाई. क्षारच उलटं मुळातलं पाणी वढतो."

मी दोन मिनिटं गप्पच झालो. अण्णा सातवी शिकलेत.

म्हणजे जिकडे क्षार जास्त तिकडे पाणी जाणार, एवढंच आहे ते सगळं. पेशी म्हणजे मूळ आणि बाहेरचं पाणी म्हणजे जमीन. सोडियम बाहेर असतं, 140 च्या आसपास, आत जेमतेम 10-15. पोटॅशियमचं बरोब्बर उलटं, आत 140, बाहेर 4. आणि हा फरक आपोआप राहत नाही, पेशीच्या आवरणातला पंप दिवसरात्र तीन सोडियम बाहेर टाकतो आणि दोन पोटॅशियम आत घेतो, त्याच्यावर शरीराची केवढी ऊर्जा जाते. 70 किलोच्या माणसात 42 लिटर पाणी धरलं तर 28 लिटर पेशींच्या आत, 14 बाहेर, आणि त्या 14 मधलं रक्तवाहिन्यांत प्लाझ्मा म्हणून फिरणारं फक्त तीनेक लिटर. आपण बीपी बघतो, नाडी बघतो ते सगळं या तीन लिटरच्या जिवावर चाललेलं असतं. बाकीचं पाणी असून दिसत नाही, आमच्या खालच्या वावरासारखं.

सुट्टीनंतर मेल मेडिसिन वॉर्डला पोस्टिंग लागलं. फर्स्ट इयरच्या पोरांना काय काम देतात, बेड करा, टीपीआर (ताप, नाडी, श्वास) घ्या आणि इनटेक-आउटपुट चार्ट भरा, म्हणजे पेशंटच्या शरीरात पाणी किती गेलं आणि किती बाहेर आलं त्याची नोंद. या चार्टइतका हलका समजला जाणारा कागद अख्ख्या वॉर्डात दुसरा नसेल. औषधाच्या चार्टवर सगळ्यांची नजर, हा मात्र बेडच्या पायथ्याला लटकलेला, चहाचे डाग पडलेला, शिफ्ट संपताना घाईघाईने भरायचा. मलाही तसंच वाटायचं, की हे काय शिक्षण आहे का, लोकांची लघवी मोजायची.

पहिल्याच दिवशी अडलो ते "एक ग्लास" वर. नातेवाईक सांगणार, "एक ग्लास पाणी पिले, अर्धा कप चहा घेतला." एक ग्लास म्हणजे किती? पुस्तकात 240 मिली. वॉर्डातल्या मावशींकडून स्टीलचा पेला मागून घेतला आणि मेजरिंग जारमध्ये ओतून बघितला, 180 भरला. कॅन्टीनचा कागदी कप काठोकाठ 80, पण काठोकाठ देतो कोण, 60 धरा. आमटीची वाटी 120. ही यादी मी वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवली ती अजून आहे. भाकरी-भातातलं पाणी चार्टात येत नाही, पण पेज, ताक, दूध, सरबत, बर्फसुद्धा येतो, बर्फ वितळल्यावर निम्मा होतो म्हणून निम्मा धरायचा. सलाईनमधून दिलेली औषधं, अँटिबायोटिकची 100 मिलीची बाटली, तीही धरायची, आणि ती सगळेच विसरतात. दिवसाला तीन वेळा दिली की 300 मिली चार्टातून गायब.

आउटपुटमध्ये लघवी, उलटी, ड्रेन, पातळ जुलाब. घाम आणि श्वासातून जाणारं पाणी मोजता येत नाही, पण धडधाकट माणसाचंही दिवसाला पाऊणेक लिटर असंच निघून जातं, ताप असेल तर आणखी. त्यामुळे चार्टावर इनटेक आणि आउटपुट बरोबर जुळले तर "वा, बॅलन्स झाला" म्हणून खूश व्हायचं नसतं, तो माणूस खरं म्हणजे हळूहळू सुकत असू शकतो. हे मला सिस्टरनी सांगितलं, पुस्तकात होतं म्हणा पण पुस्तकात तर सगळंच असतं.

आता माझा घोळ सांगतो. एक काका होते हार्ट फेल्युअरचे, पाय सुजलेले, अंगठ्याने दाबलं की खड्डा पडायचा आणि तो भरून यायला अर्धं मिनिट लागायचं. त्यांना दिवसाला एक लिटरच्या वर पाणी नाही आणि लघवी होण्याचं इंजेक्शन सुरू. माझी सकाळची ड्युटी होती, नाईटच्या नोंदी अर्धवट होत्या, युरोबॅग, म्हणजे लघवीची पिशवी, रिकामी दिसली. वॉर्डबॉय मामांना विचारलं तर ते म्हणाले मी नाही काढली, मुलाला विचारलं तर म्हणाला पप्पांची पिशवी भरली होती म्हणून मीच ओतून आलो. किती होती? "भरली होती की चांगली." मी काय केलं, आदल्या दिवशी 1500 होतं म्हणून 1500 लिहून टाकलं. इनटेक 900. उणे 600, मस्त, इंजेक्शन लागू पडतंय असं चित्र तयार.

राउंडच्या आधी इन्चार्ज सिस्टरनी चार्ट उचलला, मग टीपीआर शीट उचललं आणि मला बोलावलं. "हे वजन कुणी घेतलं?" मीच घेतलं होतं. आदल्या दिवशी 64, आज 65. "एका किलोला एक लिटर. कागदावर 600 कमी झालेत, काट्यावर एक किलो वाढलाय. बाळा, दोघांतलं कोण खोटं बोलतंय?"

काटा खोटं बोलत नाही. मी मान खाली घालून सांगितलं की अंदाजे लिहिलं. ओरडतील असं वाटलं होतं पण त्या ओरडल्या नाहीत, मला घेऊन काकांकडे गेल्या, गादीखालून पाण्याची एक लिटरची बाटली काढली. रात्री तोंड कोरडं पडतं म्हणून मुलगा घोट घोट देत होता, प्रेमापोटीच. आणि पिशवी "चांगली भरली होती" म्हणजे त्याच्या दृष्टीने दोनेकशे मिली असेल. सिस्टरनी माझ्यासमोर 1500 वर एक सरळ रेघ मारली, सही केली, बाजूला लिहिलं "मोजलं नाही". म्हणाल्या, "मोजलं नाही हे लिहायला लाजायचं नाही, डॉक्टर या आकड्यावर डोस ठरवतात." त्या दिवशी राउंडला इंजेक्शनचा डोस वाढला. माझा 1500 तसाच राहिला असता तर कदाचित वाढला नसता.

त्यानंतर मी दर तासाची लघवी मोजायला लागलो तेव्हा त्या आकड्याची पण किंमत कळली. मोठ्या माणसाची किलोमागे तासाला अर्धा मिली तरी लघवी व्हायला हवी, म्हणजे 60 किलोच्या माणसाला 30 मिली. किडन्या दिवसाला 180 लिटर गाळतात आणि त्यातलं दीडेक लिटर सोडून बाकी सगळं परत घेतात, एवढा मोठा कारभार. बीपी पडायच्या आधी लघवी कमी होते, कारण शरीर पाणी धरून ठेवायला लागतं, मेंदूतून एडीएच हे पाणी राखणारं हार्मोन सुटतं, किडनीपाशी रेनिन सुटतं, मग अल्डोस्टेरॉन हे दुसरं हार्मोन, ते सोडियम धरतं आणि सोडियमच्या मागे पाणी. पाठ केलेली ती बाणांची साखळी त्या पिशवीत गडद पिवळी होऊन साठलेली दिसते, बघायची सवय पाहिजे फक्त.

शहाळ्याची गोष्ट मात्र मी कधीच विसरणार नाही. आपल्याकडे आजारी माणसाला बघायला जायचं म्हणजे शहाळं घेऊन जायचं, हॉस्पिटलच्या गेटवर गाडा लागलेलाच असतो. आमच्याकडे एक मामा ॲडमिट होते, पन्नाशीचे, जुनी शुगर, किडन्या गेलेल्या, आठवड्याला दोनदा डायलिसिस. मधला एक डायलिसिस चुकला होता. दिवसभर पाहुणे, प्रत्येक जण शहाळं. मी चार्टात इमानदारीने लिहिलं, नारळपाणी 250, नारळपाणी 300, नारळपाणी 250. हो, लिहिलं मी. मोजून, वेळ टाकून. आणि कुणाला सांगितलं नाही, कारण माझ्या डोक्यात ते फक्त मिली होते.

संध्याकाळी ते म्हणाले पायात जोर नाही, कसंतरी होतंय. पोटॅशियम 6.9 आलं. ईसीजीवर टी वेव्ह तंबूसारख्या उंच टोकदार. मग जी धावपळ झाली ती मी भिंतीला चिकटून बघितली. आधी कॅल्शियम ग्लुकोनेट हळूहळू शिरेतून, मग इन्सुलिन आणि सोबत 25 टक्के डेक्स्ट्रोज, मग दम्याला देतात त्याच औषधाचं नेब्युलायझर, आणि तोवर डायलिसिसची तयारी. नंतर ड्युटी डॉक्टरांनी मला विचारलं, कॅल्शियमने पोटॅशियम किती कमी झालं? मी म्हणालो थोडं झालं असेल. "अजिबात नाही. कॅल्शियम फक्त हृदयाला सांभाळतं. इन्सुलिन पोटॅशियमला पेशीच्या आत ढकलतं, पण शरीरातून बाहेर तेही काढत नाही. बाहेर काढायला किडनी लागते, ती नसेल तर डायलिसिस." मामा वाचले. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला ओळखलं पण नाही, ते सोडा.

शरीरातलं 98 टक्के पोटॅशियम पेशींच्या आत असतं. आपण रिपोर्टमध्ये जे 4 बघतो ते उरलेल्या दोन टक्क्यांतलं. एवढ्याशा बाहेरच्या पोटॅशियमवर हृदयाची लय अवलंबून, म्हणून तिथे दोन-तीन आकड्यांची चूकही चालत नाही. धडधाकट माणसाने दोन शहाळी प्यायली तर किडनी जास्तीचं काढून टाकते, काही होत नाही, म्हणून शहाळं वाईट असं कुणी समजू नका प्लीज. माझ्या मावशीने हे ऐकून घरात नारळपाणी बंद केलं होतं.

याच पोस्टिंगला पोटॅशियम क्लोराइडचे अँप्युल पहिल्यांदा हातात घेतले. 10 मिलीत 20 मिलिइक्विव्हॅलंट. दिसायला डिस्टिल्ड वॉटरसारखंच, पारदर्शक. म्हणून ते वेगळ्या कपाटात, वर लाल चिठ्ठी. थेट शिरेत ढकललं तर हृदय थांबतं, कायम मोठ्या बाटलीत मिसळून, बाटली नीट उलटसुलट करून आणि हळू द्यायचं. घरी फोनवर सांगितलं तर अण्णा हसले, म्हणाले आपल्या शेडात पोत्यानं पडलंय की. आणि खरंच, म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे तेच, पोटॅशियम क्लोराइड, उसाला टाकतो ते लालसर खत. अर्थात शेडातलं ते शेडातच ठेवलेलं बरं.

सोडियमचा धडा फीमेल वॉर्डला मिळाला. एक आजी, बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध, वर दोन दिवस उलट्या, आणि घरच्यांनी चांगलं वाटावं म्हणून नुसतं पाणी पाजलेलं. आणल्या तेव्हा सुनेला आई म्हणत होत्या, हातवारे करत होत्या. घरचे म्हणाले भ्रम झालाय, कुणी म्हणालं बाहेरचं काहीतरी. सोडियम 114. सून म्हणाली मग मीठ देऊ का चमच्याने? सिस्टरनी तिला जे सांगितलं तितकं सोपं मला कुणी सांगितलं नव्हतं: "आमटीत जास्त पाणी पडलं की अळणी लागते ना? यांचं थोडं मीठ गेलं आणि वरून पाणी पडलं. नुसता चमचा मीठ टाकून नाही भागत."

त्यांना 3 टक्के सलाईन सुरू झालं, पंपावर, मुंगीच्या पावलाने. मला वाटलं एवढ्या सिरियस पेशंटला पटकन का नाही देत. तर नियम असा की 24 तासांत सोडियम साधारण 8 च्या वर चढू द्यायचं नाही. कारण दोन-तीन दिवसांत मेंदूच्या पेशींनी आतले क्षार टाकून देऊन त्या अळणी पाण्याशी जुळवून घेतलेलं असतं. आता बाहेर एकदम खारट केलं तर पेशीतलं पाणी खेचलं जाणार, नसांवरचं आवरण खराब होणार, माणूस शुद्धीवर येऊन परत आडवा होऊ शकतो, कायमचा. मुळातलं पाणी ओढणारा क्षार, अण्णांचं वाक्य मला पंपासमोर आठवलं. दर काही तासांनी रक्त जात होतं, 114, 117, 120. तिसऱ्या दिवशी आजींनी सुनेला नावाने हाक मारली आणि चहात साखर कमी आहे म्हणून बोलल्या.

जुलाबाचे पेशंट तर रोजचेच. ओआरएसचं पाकीट लोक एका ग्लासात अख्खं कालवतात, "स्ट्राँग" व्हावं म्हणून, मोठं पाकीट एक लिटरचं असताना. घट्ट केलं की तेच आतड्यात पाणी ओढणार आणि जुलाब वाढणार, परत तोच क्षारपडीचा मामला. बरोबर केलं तर मात्र जादू आहे. लिटरला सोडियम 75 आणि ग्लुकोज 75, हातात हात घालून एकाच दारातून आतड्याच्या पेशीत शिरतात आणि पाणी त्यांच्या मागून, आणि कॉलऱ्यातसुद्धा ते दार उघडंच राहतं. 1971 मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला, सलाईनच्या बाटल्या संपत आल्या तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी हेच मीठ-साखरेचं पाणी ड्रममधून वाटलं, नातेवाइकांनाच पाजायला लावलं, आणि 30 टक्क्यांच्या आसपासचा मृत्युदर 4 टक्क्यांच्या खाली आला. 2023 ला त्यांना पद्मविभूषण मिळालं, तेही गेल्यानंतर. घरी पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सपाट सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, चहाचा चमचा हं, पोह्याचा नाही.

सलाईनचे थेंब मोजण्याबद्दल फार लिहीत नाही. 500 मिली 8 तासांत, मिलीला 20 थेंबांचा सेट, म्हणजे मिनिटाला 21 थेंब. घड्याळ डोळ्यासमोर धरून मोजत उभं राहायचं आणि पेशंटने हात वाकवला की परत पहिल्यापासून.

दुसऱ्या इंटर्नलच्या व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, मॅडमनी टेबलावर दोन बाटल्या ठेवल्या, नॉर्मल सलाईन आणि रिंगर लॅक्टेट. मी सलाईनचं सांगितलं, सोडियम 154, क्लोराइड 154, आपल्या रक्तात क्लोराइड शंभरच्या आसपास म्हणून फार दिलं तर ॲसिडोसिस होतो, म्हणजे रक्तातलं आम्ल वाढतं, आणि एक लिटर दिलं तर त्यातलं पाव लिटरच रक्तवाहिन्यांत टिकतं, बाकी पेशींच्या भोवती पसरतं. मॅडम बघतच राहिल्या. मग सोडियम कुठे, पोटॅशियम कुठे असं मुद्दाम विचारलं, हसत हसत. तेही सांगितलं. रिंगर कोण तेसुद्धा सांगितलं, की बेडकाचं हृदय डिस्टिल्ड वॉटरमधल्या मिठात बंद पडायचं आणि नळाच्या पाण्यातल्या कॅल्शियममुळे चालू राहिलं, त्यावरून त्याने शोधलं, 1880 च्या दशकात. मग त्या म्हणाल्या, बाटलीवर लॅक्टेट लिहिलंय, लॅक्टेट वाढलं की आपण घाबरतो, मग हे ॲसिडोसिसच्या पेशंटला कसं काय देतो?

मी बाटलीकडे बघत बसलो. 25 पैकी 19 मिळाले. लॅक्टेटचं यकृतात बायकार्बोनेट होतं हे जिना उतरताना आठवलं, परत वर गेलो तर पुढचा रोल नंबर आत गेला होता.